एकशिपी अहवाल

'मावशी, तिसऱ्या कशा दिल्या?'

'दोनशेला वाटा. घे, आताच आल्यात.'

'कुठल्या?'

'खाडीच्या.'

'कुठल्या खाडीच्या?'

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिसऱ्यांचं आधार कार्ड मागितलं होतं. 'खायच्यात का पत्ता लिवून घ्यायचाय?'

प्रश्न बिनतोड होता. गुपचूप दोन वाटे घेतले.

शेजारच्या टपरीवर वेफर्सचं पाच रुपयांचं पाकीट लटकत होतं. त्यावर कारखान्याचा पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, मीठ किती, चरबी किती, कधीपर्यंत खायचं, सगळं छापलेलं. दोनशे रुपयांच्या तिसऱ्यांवर काय असतं? रेघा. शिंपीवरच्या त्या रेघांवरून तिचं वय काढणारी माणसं आहेत. पण ती मासळीबाजारात येत नाहीत, परिषदांना जातात.

आता तिसरी जगते कशी, ते बघा. ती शिकार करत नाही, चरायला जात नाही. चिखलात अर्धवट पुरून घेते, दोन नळ्या बाहेर काढते. एका नळीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. मधल्या मध्ये जे काही पोटात घालण्याजोगं असेल ते ठेवून घेते. कालवं तेच करतात, खुबे तेच करतात, शिवल्याही तेच. अमेरिकेत एका पूर्ण वाढलेल्या कालवाच्या नावावर, सगळं अनुकूल असेल तर, दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळल्याचा हिशेब सांगतात.

म्हणजे चोवीस तास, बाराही महिने, विनावेतन पाण्याचा नमुना घेणारा कर्मचारी. आपण त्याला कांदा-खोबऱ्यात परततो.

हे काही मला पहिल्यांदा सुचलेलं नाही. एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1975 मध्ये हेच मांडलं होतं. समुद्रात काय मिसळलंय ते कळायला पाणी कशाला तपासता? शिंपले तपासा. अमेरिकेनं 1986 पासून किनाऱ्या-किनाऱ्यावर तो कार्यक्रम चालवला. शिंपला हलत नाही, पळून जात नाही, सही करायला विसरत नाही आणि साहेबांच्या दौऱ्याची आगाऊ कल्पना त्याला कुणी देत नाही.

आपल्याकडे शेवटच्या कारणासाठीच तो नापास व्हायचा.

कालवांची आणखी एक ख्याती. 'मर्दानी ताकद' वाढते म्हणतात. कारण काय, तर जस्त. कालवात जस्त भरपूर असतं, हे खरं आहे. पण हा जीव पाण्यातून जस्त इतक्या आवडीनं ओढून घेतो, तर जस्ताचा चुलतभाऊ कॅडमियम दारात उभा राहिल्यावर त्याला नाही म्हणेल का? रसायनशास्त्रात दोघं एकाच कुटुंबातले. कालवाला फरक फारसा कळत नाही. आपल्या मूत्रपिंडाला कळतो. तिथे कॅडमियम एकदा शिरलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात.

भाडेकरूसुद्धा त्याआधी निघतो.

आता खाडी. माझ्या माहितीतली म्हणजे ठाण्याची. सुमारे 26 किलोमीटर लांब. एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा. साठच्या दशकात तिथे कारखाने आले. रसायनं, रंग, औषधं, मुलामा देणारे, बॅटऱ्यावाले. 2015 मध्ये याच खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. 2022 मध्ये ती रामसर यादीत गेली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली. अभिनंदन. रोहित पक्षी बघायला बोटी निघतात, तिकीट लागतं, फोटो छान येतात.

पक्षी चोच उलटी करून गाळात घालतो आणि पाणी गाळून खातो. तिसरीच ती, फक्त पाय लांब. अभयारण्याचा बोर्ड पक्ष्यासाठी आहे. गाळासाठी कुठला बोर्ड?

आणि सगळी गोम त्या गाळातच आहे. नदीचं गोडं पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भिडलं की पाण्यातल्या मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाला बसतात. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम या मातीला चिकटून खाली जातात. नुसत्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर अहवालात काय येतं? 'बीडीएल'. म्हणजे यंत्राला दिसेल त्यापेक्षा कमी. साहेब खूश, कारखानदार खूश, बाटलीही खूश.

तिसरी पाण्याच्या बाटलीत राहत नाही. गाळात राहते.

शिवाय भरती. नदीत घाण सोडली की ती खालच्या गावाची होते, हा आपला जुना राष्ट्रीय तोडगा. खाडीत तो चालत नाही. ओहोटीला गेलेलं बरंचसं सहा तासांनी भरतीबरोबर परत येतं. खाडी हे एकच असं ठिकाण, जिथे आपण टाकलेलं आपल्याच दारात दिवसातून दोनदा परत येऊन उभं राहतं. तरी आपण ओळख दाखवत नाही.

जिवाणू निदान मरतात. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजते, वास मारते आणि संपते. धातू कुजत नाही. 1975 साली खाडीत गेलेलं शिसं 2025 सालीही शिसंच असतं. फार तर त्याच्यावर नवा गाळ बसतो. मग एखाद्या विकासकामासाठी आपण तो उपसतो आणि जुनं पुन्हा वर आणतो. वारसा जपणं यालाच म्हणत असावेत.

पाऱ्याची तऱ्हा त्याहून वाईट. गाळातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करून टाकतात. तो मांसात मुरतो आणि छोट्या माशातून मोठ्यात, मोठ्यातून आपल्यात चढत जातो. ठाण्याच्या वरच्या अंगाला उल्हास खाडी. तिच्यातल्या पाऱ्यावर संशोधकांनी बरंच लिहिलंय. कॉस्टिक सोडा बनवायला पूर्वी पारा वापरत, त्याचीच ती देणगी. ते तंत्र आता मागे पडलंय.

गाळाला मात्र तसं कुणी कळवलेलं नाही.

बरं, पाणी चांगलं की वाईट हे ठरवतं कोण? प्रदूषण नियंत्रण मंडळ. ठरवतं कसं? निर्देशांक काढून. या निर्देशांकात चार गोष्टी मोजतात. विरघळलेला प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), सामू (पीएच) आणि विष्ठेतले जिवाणू. चारही महत्त्वाच्या, वाद नाही. पण यादी पुन्हा वाचा. शिसं कुठे आहे? पारा कुठे आहे? चार विषयांच्या परीक्षेत पाचवा विषयच ठेवला नाही, तर त्यात नापास कोण होणार?

गंमत म्हणजे कागदावर आपण याहून कितीतरी शहाणे आहोत. किनाऱ्यावरच्या पाण्याचे केंद्र सरकारनं पाच वर्ग पाडलेत. सगळ्यात वरच्या, 'एसडब्ल्यू-1' या वर्गात मिठागरं, मत्स्यशेती आणि शिंपल्यांचं उत्पादन. आंघोळ आणि पोहणं दुसऱ्या वर्गात. म्हणजे नियम लिहिणाऱ्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की ज्या पाण्यात माणूस डुंबतो त्यापेक्षा ज्या पाण्यात तिसरी वाढते ते स्वच्छ हवं. लिहून मोकळा झाला. आता वाशीच्या पुलावर जरा गाडी थांबवा आणि खाली बघा. आंघोळ कराल?

नाही ना? मग त्याच पाण्यातल्या तिसऱ्यांची एकशिपी ताटात कशी चालते?

कारखानदारांचं उत्तर ठरलेलं. 'आमचं पाणी सीईटीपीला जातं.' सीईटीपी म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. त्यात बहुतेक काम जिवाणू करतात. घाण खातात. पण शिसं खाणारा जिवाणू अजून नोकरीला लागलेला नाही. धातू कारखान्यातच वेगळे काढायचे आणि मग पाणी पुढे सोडायचं, असा नियम आहे. पाळला तर उत्तम. न पाळला तर धातू एकतर केंद्राच्या गाळात जातो, नाहीतर पाण्याबरोबर सरळ पुढे. 'सामायिक' शब्दाची हीच मजा. जबाबदारी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

आणि सापडलाच कुणी तर? 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची सोय होती. 2023 साली एक कायदा आला आणि तिथला तुरुंग गेला. आता दंड. दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. कायद्याचं नाव 'जन विश्वास'.

कुठल्या जनांचा विश्वास, ते नावात नाही.

जपानचं मिनामाता आठवतंय? शाळेत दोन मार्कांना होतं. क्युशू बेटावरचं छोटं बंदर. चिस्सो नावाचा कारखाना 1932 पासून असिटाल्डिहाइड बनवत होता, पाऱ्याचा वापर करून. पाणी खाडीत. खाडीतले मासे आणि शिंपले गावाच्या ताटात. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मरायला लागली. लोकांना वाटलं मांजरांना काहीतरी झालंय. मग माणसांचे हात थरथरायला लागले, दिसेनासं झालं, बोलता येईना. मे 1956 मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली.

पुढचा भाग शाळेत नव्हता. कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा कारखान्याचं सांडपाणी मांजरांना अन्नातून देऊन बघत होते. 1959 मध्ये 400 नंबरच्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीनं काय केलं? प्रयोग थांबवायला लावला. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीनं सांडपाणी शुद्ध करणारं झकास नवं यंत्र बसवलं. उद्घाटनाला अध्यक्षांनी त्यातून निघालेलं म्हणून ग्लासभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. टाळ्या. खरं तर पाऱ्याचं पाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं.

ग्लासभर पाणी पिऊन दाखवणारे साहेब तेव्हापासून प्रत्येक देशात आहेत. एकशिपी खाऊन दाखवणारे मला अजून भेटलेले नाहीत.

महिनाअखेरीला कंपनीनं रोग्यांशी करार केला. 'सहानुभूती' म्हणून थोडे पैसे. अट अशी, की उद्या दोष आमचाच आहे असं सिद्ध झालं तरी जास्त मागायचं नाही. उपाशी कोळी, सही केली. पुढे 1973 मध्ये कोर्टानं तो करार केराच्या टोपलीत टाकला. सरकारनं रोगाचं कारण मान्य केलं सप्टेंबर 1968 मध्ये. कारखान्यानं ते जुनं उत्पादन बंद केलं होतं त्याच वर्षीच्या मे महिन्यात. यंत्र कालबाह्य झालं, मग सत्य चालू झालं.

विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाला 1974 मध्ये जाळी लावली. ती निघाली 1997 मध्ये. 23 वर्षं. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला पुढे याच गावाचं नाव दिलं गेलं. भारतानं त्यावर 2018 मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. आता दवाखान्यातला पाऱ्याचा थर्मामीटर गेला, काचेचा तो जुना दोस्त. गाळातल्या पाऱ्याला कुणी निरोप दिला नाही.

हो, ठाणे म्हणजे मिनामाता नव्हे. उगाच घाबरवायचं नाही. एक ताट तिसऱ्या खाऊन कुणी आडवं होत नाही. सगळ्या खाड्या सारख्याही नाहीत. देवगडकडच्या तिसऱ्यांना ऐरोलीच्या पापाची शिक्षा नको. प्रश्न एका ताटाचा नसतो, ताटं किती याचा असतो. मी वर्षातून चार वेळा खातो आणि त्यावर सदर लिहितो. जी बाई गुडघाभर चिखलात हात घालून खुबे वेचते, तिच्या घरी चांगला माल विकायला जातो आणि उरलेला रोज चुलीवर. जोखीम तिची, सदर माझं.

आणि उद्या एखादा अहवाल आलाच, तर बंदी कुणावर येईल? कारखान्यावर? छे. टोपलीवर.

कोळ्यांनी आरडाओरडा केला नाही असंही नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं पाणी नवापूर-मुरब्याच्या बाजूला जातं. तिथल्या मांगेला समाजाच्या परिषदेनं राष्ट्रीय हरित लवाद गाठला. 2022 च्या जानेवारीत लवादानं शंभराहून जास्त कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई लावली. मासे पकडणाऱ्यांनी कारखाने पकडून दिले. ज्यांचा पगार त्यासाठीच होता, ते काय पकडत होते? लोकल, बहुतेक.

आता एक विरोधाभास बघा आणि मग ठरवा हसायचं की नाही. आपलीच मासळी युरोपला जाते तेव्हा तिची तपासणी होते. दोन शिंपांच्या प्राण्यात शिसं किलोला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम एकपेक्षा जास्त नको. भारतातून गेलेल्या माकुळाचा माल कॅडमियमपायी तिकडे अडवला गेल्याची उदाहरणं आहेत. गोऱ्याच्या मूत्रपिंडासाठी कंटेनर थांबतो. आपल्या मूत्रपिंडासाठी टोपली थांबत नाही.

मर्यादा आपल्याकडेही छापलेल्या आहेत, अन्न सुरक्षेच्या नियमात. छापण्यात आपण कुणाला हार जात नाही.

थोडं घरातलंही सांगतो, म्हणजे तुम्ही फार मान डोलवणार नाही. कारखान्याकडे बोट दाखवलं की आपला हात मोकळा होतो. रिमोटचे संपलेले सेल कुठे टाकता? ओल्या कचऱ्यात की सुक्यात? कचराकुंडीतून डंपिंग, डंपिंगच्या पाझरातून नाला, नाल्यातून खाडी. बाप्पाच्या मूर्तीवरचा तो झगझगीत रंग कशाचा होता, कधी विचारलंत? गौरी-गणपती गेले की चार दिवसांनी मांसाहार सुरू. रंग गेला खाडीत, खाडी आली ताटात. पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचीसुद्धा गरज नाही.

तर त्या तिसऱ्या घरी आणल्या. बायकोनं मिठाच्या पाण्यात घातल्या. दोन-तीन तास ठेवल्या की वाळू सोडतात. मग विळीवर एकेक उघडायची, मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी टाकून द्यायची. म्हणून एकशिपी. कांदा, ओलं खोबरं, आमसूल, वर कोथिंबीर. पाहुणे बोटं चाटतात.

'नीट धुतल्यास ना?' मी विचारलं.

'तीन पाणी काढलं,' ती म्हणाली. 'का?'

का ते सांगायला गेलो. जिवाणू असतील तर स्वच्छ पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवल्यावर शिंपले ते बाहेर टाकतात, परदेशात त्यासाठी टाक्या असतात. पण धातू असा जात नाही. धुऊन जात नाही, उकळून जात नाही, आमसुलाला तर तो जुमानतच नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मग चिंबोऱ्यांचं काय? त्या तर तू कवच फोडून आतलं पिवळं चाटून खातोस.'

ते पिवळं-तपकिरी मऊ म्हणजे बरेचदा खेकड्याचं यकृत असतं आणि कॅडमियम साठतं ते मुख्यतः तिथेच. हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, पण बरोबर तिथेच बोट ठेवलं. विषय बदलला.

सरकारी अहवालही एकशिपीच असतो, हे मला विळीसमोर बसून कळलं. एक शिंप ताटात मांडायची: प्राणवायू, बीओडी, सामू. दुसरी गुपचूप टाकून द्यायची. पाहुण्यांना अर्धीच दिसते आणि तीही छान सजवलेली.

तर वाचकहो, एक काम करा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिसऱ्यांच्या वाट्याच्या विसाव्या हिश्श्यात होतं. एक अर्ज प्रदूषण मंडळाला, एक अन्न व औषध प्रशासनाला. प्रश्न तीनच. आमच्या खाडीतल्या तिसऱ्या, कालवं आणि चिंबोऱ्या यांची शिसं, पारा आणि कॅडमियमसाठी शेवटची तपासणी कधी केली? आकडे काय आले? ते कोळीवाड्यात कुणाला, कधी, कुठल्या भाषेत कळवले?

उत्तर तीस दिवसांत देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आलं तर मलाही पाठवा. अर्ज 'योग्य त्या विभागाकडे' पाठवल्याचं पत्र आलं, तर त्या विभागाचं नाव तेवढं कळवा.